पाहुण्यांची नोंदवही

चौदाशे दोनच्या ओ बाई.
आडनावच ओ. सुरुवातीला मी "ओ बाई" म्हटलं की
लॉबीतल्या सगळ्या बाया वळून बघायच्या.

पावणेअकराला खाली आल्या.
"आज आई येणार," म्हणाल्या मोडक्या हिंदीत,
"अकरा ते एक दार उघडं ठेवाल?"
मी पेनाचं टोपण काढलं. विमान कितीचं?
त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली जाऊन.

पेन तसंच धरून बसलो.

माझं नाव लवू घाडी.
आजा गावच्या वेशीवर नारळ ठेवून
गाऱ्हाणं घालायचा.
वाट चुकलेल्यांना वाट सांगायचं काम
आमच्याकडे पिढीजात.
पवईत तेच करतो,
गणवेश तेवढा कंपनीचा.

बाई सांगत गेल्या.
माशाचं डोकं पूर्वेला.
वर्सोव्याहून ढोमा आणलाय, अख्खा, शेपटीसकट,
कोळणीने कोयता उचलला तेव्हा ओरडल्याच म्हणे.
भातात चमचा उभा रोवायचा.
पीच नाही, लसूण नाही,
लाल मिरची तर नाहीच,
गेलेली माणसं बिचकतात.
बाल्कनीतली कपड्यांची तार सोडून ठेवलीय,
अंधारात तिचा पाय अडकायला नको.
खरं तर हे मुलग्याने करायचं.
आईला मुलगा नव्हता.
सासऱ्यांचं अकरा वर्षं रांधतायत त्या,
आईचं आज पहिल्यांदा.
नवरा चाकणला. त्याला सांगितलेलं नाही.

मग फाटकाकडे बोट केलं.
लिंबू, सात मिरच्या.
सेक्रेटरी दर शनिवारी नवं बांधतात.
"ते," बाई म्हणाल्या,
आणि पुढचं बोलल्याच नाहीत.

लिफ्टचं मात्र बोलल्या.
तिकडे चौथा मजला नसतो,
चार म्हटलं की त्यांना मरण ऐकू येतं.
इथे बिल्डरने तेरावा गाळलाय.
म्हातारी मोजत मोजत चढली तर पोचणार कुठे?
मी म्हटलं, बटण मी दाबतो.

सव्वाअकराला खुर्चीवर चढलो.
उभ्या जन्मात लिंबू-मिरची सोडली नव्हती मी,
हात कापला नाही असं म्हणणार नाही.
खिशात टाकली.
बाराला लिफ्ट बोलावली, आत हात घालून चौदा दाबलं.
रिकामी वर गेली.
कुत्री भुंकली नाहीत.
भुंकली असती तर बरं वाटलं असतं.

वही उघडली.
नाव: ओ बाईंची आई.
तिचं आडनाव वेगळं असतं म्हणे, विचारायचं राहिलं.
कुठून आल्या: कोरिया लिहिलं, खोडलं,
लिहिलं, गावाहून.
वाहन नाही.
काम: जेवण.

दीडला बाई उतरल्या, हातात कागदाची घडी,
त्यावर आईचं नाव.
घरात जाळला तर धुराचा भोंगा वाजतो,
म्हणून माझ्या चहाच्या टोपात जाळला.
राख जनरेटरच्या बाजूला उडाली.
मग ताटली पुढे केली.
गार ढोमा, ना तिखट ना लसूण,
आमच्या म्हाळाच्या जेवणासारखं मऊ.
"जेवल्या का?" मी विचारलं.
"मीठ कमी पडलं," बाई म्हणाल्या.
"ती बोलत नाही. तोंड करते."

एकटाच खात बसलो.
बाबा गेले तेव्हा मी रात्रपाळीला होतो, ह्याच खुर्चीत.
दहाव्याला कावळा शिवेना म्हणे बराच वेळ.
मी पोचलो तेराव्याला.
मुंबईचा पत्ता त्यांना कधी दिलाच नाही.
देणार काय,
केबिन?

साडेपाचला सेक्रेटरी फिरायला उतरतात.
पाचला खुर्ची फाटकाशी ओढली
आणि तिच्यावर नुसताच बसलो.
अजून थोडा वेळ, म्हटलं.
आणखी कुणी असेल वाटेत.

पाच पंचविसाला बांधली. सहाच मिरच्या राहिल्या होत्या.
सेक्रेटरी मोजत नाहीत.

दिवसपाळीचा पोरगा वही चाळत म्हणाला,
"घाडीकाका, ह्यांची बाहेर जायची वेळ?"

"लिहू," म्हटलं.